मिसळ झकास, पण माज किती तो

२ स्टार, तेही फक्त मिसळीसाठी. रविवारी आईला घेऊन ठाण्याच्या तलावपाळीला चक्कर मारून नौपाड्यातल्या एका जुन्या हॉटेलात गेलो, तर्री झणझणीत, मटकी नीट शिजलेली, त्यात वादच नाही. पण आईने जरा जास्तीचा रस्सा मागितला तर गल्ल्यावरचा मालक सगळ्यांसमोर खेकसला, "इथे मागायची पद्धत नाही, तीन पिढ्यांची परंपरा आहे आमची!" अरे, परंपरा रश्श्याची की खेकसायची? ठाण्यात पहिली रेल्वे १८५३ ला आली, तेव्हापासूनचा माज साठवलाय वाटतं. मागे भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, ते बिचारे हसतायत. आई म्हणे, "जाऊदे रे, जुनी माणसं अशीच." जुनी कसली, माझ्याच वयाचा आहे तो! पाव मात्र गरम होते.