रेस कारमधील फेसाची अग्निशमन यंत्रणा: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

फोंड्यातील आमच्या गॅरेजमध्ये तयार झालेल्या रेस कारमध्ये एएफएफएफ (इंधनावर पातळ थर धरणाऱ्या) फेसाची, बटण दाबताच विजेवर सुटणारी अग्निशमन यंत्रणा बसवून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात गोव्याचा अख्खा पावसाळा आणि कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरील सराव तिच्या वाट्याला आला. वायूऐवजी आम्ही फेस निवडला, कारण धावत्या गाडीच्या बोनेटखाली खेळणाऱ्या वाऱ्यात वायू लवकर विरतो. फेस मात्र सांडलेल्या पेट्रोलवर पातळ थर धरतो आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ आग पुन्हा भडकू देत नाही.

सिलिंडर कितीही चांगला असला तरी नोझलची दिशा चुकली तर त्याचा उपयोग नाही, हे माझे ठाम मत आहे. म्हणून आम्ही सिलिंडरकडची नळी सोडवून तिच्यातून दाबाने पाणी सोडले आणि इंजिनाभोवती वर्तमानपत्राचे कागद चिकटवून ते कुठे भिजतात ते पाहिले. इंधन नळीच्या मागच्या जोडाजवळचा कागद कोरडा राहिला. ब्रॅकेट थोडे वळवून पुन्हा पाणी सोडल्यावर तोही चिंब झाला. अशा चाचणीत फेसाची आग विझवण्याची क्षमता कळत नाही, पण तो कुठे पोहोचेल याचा अंदाज नक्की येतो.

खरी परीक्षा पावसाळ्याने घेतली. दमट, खारट हवेमुळे बाहेरच्या बटणाच्या कनेक्टरमधील पितळी टोकांवर हिरवट थर चढला आणि चाचणी अवस्थेत कंट्रोल बॉक्सचा दिवा लागेना. सीलबंद कनेक्टर लावल्यापासून ही तक्रार आलेली नाही, तरीही गाडी बाहेर काढण्यापूर्वी आम्ही प्रत्येक वेळी आतले आणि बाहेरचे बटण तपासतो, तसेच सिलिंडर काढून त्याचे वजन लेबलवरील आकड्याशी ताडून पाहतो. पट्टे आवळून, हातमोजे घालून बसलेल्या चालकाचा हात आतल्या बटणापर्यंत पोहोचलाच पाहिजे. बाहेरच्या बटणापाशी पांढऱ्या वर्तुळातील लाल ‘ई’ ठळक दिसायला हवा, कारण मार्शल (ट्रॅकवरील सुरक्षा कर्मचारी) धावत येऊन तोच शोधतो.

यंत्रणेकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. २०२० मध्ये बहारीनच्या शर्यतीत अपघातानंतर फॉर्म्युला वन चालक रोमाँ ग्रोजाँ सुमारे २८ सेकंद ज्वाळांत होता. तेवढ्या मोठ्या आगीत गाडीतला लहानसा सिलिंडर चालकाला बाहेर पडण्यासाठी काही क्षण मिळवून देऊ शकला तरी खूप झाले. अग्निरोधक सूट, बालाक्लाव्हा (हेल्मेटखालचा डोके व चेहरा झाकणारा टोप) आणि हातमोजे यांच्या खर्चात म्हणूनच काटकसर करू नये.

फेस सुटल्यावर वायरिंग धुऊन वाळवणे हे मोठे काम आहे आणि एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धा संस्थेच्या नियमानुसार दर २ वर्षांनी करावी लागणारी सर्व्हिसही खर्चिक आहे. तरीही किनारपट्टीवर गाडी ठेवणाऱ्यांना मी हीच यंत्रणा सुचवेन, मात्र विकत घेतानाच सीलबंद कनेक्टर मागून घ्यावेत.