स्विफ्ट : कंपनीचा स्टिरिओ तसाच, पुढच्या दारांत फक्त नवे स्पीकर आणि डॅम्पिंग. आठ महिन्यांनंतरचा अनुभव

एकूण खर्च 7,200 रुपये. साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकरची (वूफर म्हणजे जाड आवाजाचा आणि ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा, दोन्ही वेगळे) जोडी 4,200, ब्युटिल डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी रबरी शीट) 2,300, स्पीकर बसवायच्या स्पेसर रिंगा 400, कपलर (वायर न कापता जोडायचे सॉकेट), वायर आणि दाराच्या जास्तीच्या क्लिपा 300. मजुरी नाही, कारण फिटिंग घरीच केलं. पुण्यात नाना पेठेत स्पीकर आणि शीट मिळतात. हीट श्रिंक (जोडावर चढवायची, तापवल्यावर आवळणारी नळी), वायर, मल्टिमीटर यांसाठी तापकीर गल्ली बरी.

बहुतेक जण आधी अँड्रॉइड स्टिरिओ घेतात आणि मग पैसे संपतात. खोक्यावर 50×4 (चार चॅनल, प्रत्येकी 50 वॉट) छापलेलं असलं तरी तो क्षणिक आकडा. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर बहुतेक स्टिरिओ 4 ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे साधारण 18 वॉटच स्वच्छ देतात, आणि कंपनीचा स्टिरिओही त्याच्या आसपासच असतो. म्हणून स्पीकर घेताना वॉट न बघता सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत किती मोठा आवाज येतो) बघा. 87 डीबीच्या स्पीकरला जेवढी ताकद लागते, त्याच्या निम्म्यात 90 डीबीचा तेवढाच आवाज काढतो.

खरा फरक डॅम्पिंगने पडला, याबद्दल आता शंका नाही. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात आणि त्यांवर नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो, पुढच्या आवाजाला खातो, आणि बास नाहीसा होतो. महाग स्पीकर लावूनही आवाज किरकिराच वाटतो तो यामुळे. बाहेरच्या पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतो, आतली भोकं मात्र पूर्ण बंद करायची. दोन दारांना 2 मिमी जाडीची 18 चौरस फूट शीट लागली. आधी पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचा, मग शीट रोलरने दाबायची. स्वस्त डांबरी शीट घेऊ नका, एप्रिलच्या उन्हात पाघळते आणि गाडीभर वास सुटतो. दाराच्या तळाशी पाणी जायची छिद्रं असतात, त्यांवर शीट गेली तर पावसाळ्यात दारात पाणी साचून पत्रा गंजतो.

रिंगा प्लास्टिकच्या घ्या. दुकानात बहुधा एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) पुढे करतात, पण काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत येतंच, एमडीएफ फुगतं आणि स्क्रू सैल होतात. पुण्याच्या पावसात ते टिकणार नाही. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या मॅग्नेटला लागत नाही ना, ते बघा. क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरला आवाज वाटून देणारा छोटा डबा) दाराच्या तळाशी सोडू नका, वर कोरड्या जागी फोममध्ये गुंडाळून बांधा.

वायर कापू नका, कपलर वापरा. म्हणजे गाडी विकताना जुने स्पीकर परत बसतात आणि वॉरंटीवरून वाद होत नाही. प्लस-मायनस जुळलंय का, हे तपासायला दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावा, वूफरचा कोन, म्हणजे पडदा, बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टोक ते प्लस. इथे सुरुवातीला एका दारात उलटं जोडलं गेलं होतं. दोन्ही स्पीकर नवे असूनही बास गायब, गायकाचा आवाज मधोमध न येता इकडेतिकडे पसरलेला. वायर अदलाबदल केल्याबरोबर सगळं जागेवर आलं.

आता आठ महिने आणि एक पूर्ण पावसाळा झाला. शीट कुठेही सुटलेली नाही. दार लावताना पूर्वीचा डबा वाजल्यासारखा आवाज जाऊन ठप्प असा भरीव आवाज येतो, आणि कात्रजच्या घाटात टायरचा घोंगाट थोडा कमी जाणवतो. उणिवाही आहेत. साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली फारसं काही नाही, ढोलाचा ठोका छातीत बसत नाही, त्याला सबवूफरच (फक्त खोल बासचा मोठा स्पीकर) लागेल. आवाज पाऊण पट्टीच्या वर नेला की स्टिरिओचाच आवाज फाटतो, म्हणून बास +2 च्या वर ठेवत नाही. ट्वीटर पहिले काही दिवस टोचत होता, क्रॉसओव्हरवरचा जंपर (ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायची छोटी पिन) -3 डीबीवर नेल्यावर तक्रार संपली.

तिसऱ्या महिन्यात डाव्या दारात खडखड सुरू झाली. स्पीकर ठीक होता, ट्रिमची, म्हणजे दाराच्या आतल्या पॅनलची, एक क्लिप काढताना तुटली होती. पॅनल उघडायच्या आधीच आठ-दहा क्लिपा आणून ठेवा. मागचे स्पीकर जुनेच आहेत, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल) तीन घरं पुढे घेतला आहे, आणि त्यांवर पैसे घालायची गरज अजून वाटलेली नाही.