पोटरीची लचक: वस्तादांचं तेल की फिजिओची मोजणी?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम आला की शाहू स्टेडियमवरून मॅच बघून परतणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसांच्या अंगात काहीतरी संचारतं. माझ्याही संचारलं. रविवारी गल्लीतल्या पोरांबरोबर उतरलो, एका बॉलमागं जोरात सुटलो आणि पोटरीवर मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातली. शिवी द्यायला वळलो, तर मागं कुणीच नव्हतं.

ज्यांची पोटरी अशी फाटली आहे त्यांना हे लगेच कळेल. पोटरीत वांब येतो तो काही मिनिटांत सुटतो. हे दुसऱ्या दिवशी गादीवरून पहिलं पाऊल टाकतानाही तिथंच असतं. बर्फ, पट्टी, पाय उशीवर, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. प्रश्न पुढचा आहे: तालमीत जाऊन मालीश करून घ्यायची की फिजिओकडं जायचं? मी एकाच पोटरीसाठी दोन्हीकडं गेलोय.

आधी तालमीत गेलो. त्यात चूक काय? शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तेव्हापासून इथल्या वस्तादांच्या अंगठ्याखालून किती पोटऱ्या गेल्या असतील त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. कोमट तिळाचं तेल, घोट्यापासून गुडघ्याकडं जाणारा हात, आणि शेवटी पायाच्या बोटांना दिलेला तो झटका. त्या रात्री मी घोरत झोपलो. पैसे विचारले तर वस्ताद म्हणाले, "ऱ्हाऊ दे की."

माझी घाई मात्र नडली. लागल्या दिवशीच, संध्याकाळी गेलो. स्नायू फाटल्यावर आत रक्त साचत असतं, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ना शेक, ना चोळणं. सकाळी पोटरी टम्म, आणि तिसऱ्या दिवशी घोट्याजवळ काळंनिळं. ते रक्त तसंही खाली उतरतंच, त्यामुळं सगळा दोष तेलाला देणार नाही.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. रोज मी एकच विचारायचो, "वस्ताद, पळू कधी?" आणि रोज एकच उत्तर, "बरं वाटलं की पळ की लेका, त्यात काय इचारायचं!"

आता बरं वाटणं म्हणजे काय? बाराव्या दिवशी मला बरं वाटलं. चालताना दुखेना, जिना चढताना दुखेना, दाबलं तरी दुखेना. पहाटे रंकाळ्यावर गेलो आणि फेरी सुरू केली. शालिनी पॅलेसच्या बाजूला पोचेपर्यंत झकास चाललं होतं. तिथं एका पळणाऱ्या पोराला गाठायची हुक्की आली आणि तीच लाथ परत बसली, त्याच जागी. बंद, झाकलेल्या भेळेच्या गाड्यांना धरत धरत रिक्षापर्यंत आलो. दुखणं आधी जातं आणि ताकद बरीच नंतर येते, हे मला तिथं कळलं. पण त्या मधल्या दिवसांत आपण नेमके कुठं आहोत, हे सांगायची सोय मालिशीत मला तरी सापडली नाही. वस्तादांचा हात खोटा नव्हता. माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडं आकडा नव्हता, एवढंच.

मग राजारामपुरीतलं एक फिजिओथेरपीचं क्लिनिक. तिथंही सगळं गोड नव्हतं. अर्धा तास बाकावर बसा, मग वीस मिनिटं मशिनचे पॅड लावून पडून राहा. त्या मशिननं माझ्या पायाचं काय भलं केलं ते मला उमगलं नाही. शिवाय प्रत्येक बैठकीचे पैसे. आणि ती तरुण फिजिओ मला पहिल्या वाक्यापासून "काका" म्हणत होती.

पण तिनं दुखणं निवल्यावर एक गोष्ट केली. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं केलं आणि म्हणाली, "चवड्यावर वर जा, काका, मी मोजते." चांगला पाय: सत्तावीस. दुखरा पाय: सहा. माझा मीच चकित. मग गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेच. तिनं समजावलं ते असं: पोटरीत वरचा स्नायू गॅस्ट्रोक्नेमियस, तो गुडघा ओलांडून मांडीच्या हाडापर्यंत जातो, म्हणून गुडघा सरळ ठेवला की त्याची परीक्षा होते. त्याच्याखाली सोलियस, तो गुडघ्याच्या खालीच सुरू होतो, म्हणून त्याला गुडघा वाकवून राबवायचं. झपकन सुटताना फाटतो तो बहुधा वरचा, आतल्या बाजूचा. माझा तोच होता.

पुढचा अभ्यास कंटाळवाणा. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पायरीच्या कडेवर टाच खाली सोडून, मग पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घेऊन. पंचविशी गाठल्याशिवाय पळायचं नाही, आणि पळायला लागलं तरी जोरात सुटणं सगळ्यात शेवटी. बुटात टाचेखाली पॅड दिला आणि सपाट पायताण काही दिवस बंद केलं, कारण त्यात पोटरी ताणूनच राहते. पायताण बंद, म्हणजे घरात भांडण व्हायचं कारण. पण ते असो.

अशी मध्यम फाट भरायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात म्हणे. माझ्या आगाऊपणामुळं दुसऱ्या लाथेपासून नऊ लागले.

माझा एकच पाय, एकच अनुभव, तुमचं वेगळं असू शकतं. पोटरी नुसती आखडली असेल, पन्हाळा चढून आल्यावर जड झाली असेल, तर मी आजही आधी तालमीतच जाईन. पण "टक्" झालं असेल आणि तुम्हाला पुन्हा पळायचं असेल, तर मोजणाऱ्या माणसाकडं गेलेलं बरं, असं मला वाटतं. खिशाला परवडत नसेल तर दोनच बैठका घ्या, बाकीचं घरच्या पायरीवर होतं.

दोन वेळा मात्र दोघांकडंही न जाता सरळ डॉक्टर गाठा. मुंबईहून रात्रभर बसमधून आलात आणि मार नसताना एकच पोटरी सुजून गरम झाली, तर ती रक्ताची गाठ असू शकते; तिथं चोळणं धोक्याचं. आणि पालथं झोपून पोटरी दाबली तरी पाऊल हलत नसेल, तर पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर (अकिलीस टेंडन) तुटलेली असू शकते.

वस्तादांकडं मी अजून जातो, मानेसाठी. परवा तालमीच्या पायरीवर टाचा वर-खाली करत थांबलो होतो. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "किती झाल्या?"