रेक्टरच्या नजरेतून ‘ऑर्डिनरी मेन’

मी वसतिगृहात रेक्टर आहे. रॅगिंगच्या चौकशीत हमखास ऐकू येतं, “सगळेच करत होते, सर.” असं सांगणारी पोरं एरवी सरळ असतात, म्हणून तर मला झोप लागत नाही. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांचं १९९२ सालचं हे पुस्तक मी त्यासाठीच घेतलं.

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून पोलंडला धाडलेल्या राखीव पोलिसांच्या १०१ क्रमांकाच्या बटालियनची ही हकिगत. जेमतेम पाचशे माणसं, बहुतेक मध्यमवयीन, संसारी. गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून. १३ जुलै १९४२ रोजी युझेफुफ गावातल्या ज्यूंना मारण्याचा हुकूम सांगताना बटालियनचे प्रमुख मेजर ट्राप रडवेले झाले होते. वयस्कांपैकी ज्यांना झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं, असंही ते म्हणाले. डझनभरच झाले. दिवस संपेपर्यंत सुमारे १,५०० जीव गेले. त्यात बायका, मुलं, म्हातारे.

नकार दिला म्हणून कुणाला जबर शिक्षा झाली नाही. तरी बाकीचे बाजूला का झाले नाहीत? १९६० च्या दशकातले या पोलिसांचे जबाब चाळून ब्राउनिंग जे दाखवतात ते मला ओळखीचं वाटलं: घाणेरडं काम सोबत्यांच्या गळ्यात टाकून आपण सुटायचं, याची लाज. बाजूला झालेल्यांपैकीही बहुतेकांनी ‘हे वाईट आहे’ असं सांगितलं नाही. ‘माझं मन कच्चं आहे’ असं सांगितलं. म्हणजे गोळी घालणारा आपोआप खंबीर ठरला! हे वाचल्यापासून रॅगिंगच्या खोलीतून उठून गेलेल्या मुलाला मी मुद्दाम विचारतो, जाताना मित्रांना काय कारण दिलंस?

पुढे कामं वाटली गेली. वेढा घालायचा, गाडीत कोंबायचं, आणि मारणार दुसरे कुणीतरी. माणसं निर्ढावली ती इथे. ही प्रकरणं सावकाश वाचा.

उणीव मोठी आहे. सगळं मारणाऱ्यांच्या तोंडून येतं, मेलेल्यांचा आवाज जवळपास नाहीच. शेवटच्या प्रकरणात आधार घेतलेला मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डोंचा १९७१ चा तुरुंग-प्रयोगही (विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी बनवलेला) आता तितका भरवशाचा राहिलेला नाही.

नंतरची आवृत्तीच घ्या. जर्मनांच्या ज्यूद्वेषानेच हे घडलं, या अभ्यासक डॅनियल गोल्डहेगन यांच्या मताला तिच्यात उत्तर आहे. द्वेष होताच, ब्राउनिंग तो नाकारत नाहीत. पण नाझी राजवटीत न वाढलेले लक्झेंबर्गचे काही जणही याच बटालियनमध्ये होते आणि तेही बहुधा इतरांसारखेच वागले, हे ते दाखवून देतात.