घोडी लावण्याआधी जनुकीय चाचणी: आमचा अनुभव

आम्ही नवरा-बायकोने दोन अरबी घोड्या घेऊन पैदाशीला सुरुवात केली. पहिली घोडी लावण्याआधी एका प्रयोगशाळेकडून तिची जनुकीय चाचणी करून घेतली.

नमुना घेणं सोपं. आयाळीचे वीस-तीस केस बोटाला गुंडाळून झटक्यात उपटायचे. कापलेले चालत नाहीत, टोकाला पांढरट मूळ दिसायलाच हवं. घोडीने कान मागे टाकले, तेवढंच. एससीआयडी (शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते), सीए (मेंदूचा तोल सांभाळणारा भाग खराब होतो) आणि एलएफएस (फिकट रंगाच्या शिंगराला झटके येतात, ते जगत नाही) या अरबी घोड्यांतल्या तीन आनुवंशिक आजारांची तपासणी झाली.

आमची घोडी एससीआयडीची वाहक निघाली. स्वतः ठणठणीत, पण घोडाही वाहक असता तर प्रत्येक वेळी शिंगरू आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के. असं शिंगरू जन्मतः धडधाकट दिसतं आणि पाच-सहा महिन्यांच्या आत जंतुसंसर्गाने जातं. अकरा महिने वाट पाहून ते बघायचं? नुसत्या कल्पनेने माझ्या पोटात गोळा आला. आम्ही तिन्ही चाचण्यांत निर्दोष ठरलेला घोडा निवडला.

तक्रार एकच. अहवालात नुसती अक्षरं. अर्थ विचारायला दोनदा फोन करावा लागला. दोन ओळींचा खुलासा जोडायला हवा होता. तरी दुसऱ्या घोडीचे केस कालच त्यांच्याकडे पाठवले.