सँ-लुई की केप कोस्ट? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहायला जायचं तर

डाकार आणि अक्रा परदेशी माणसाला आता स्वस्त पडत नाहीत. म्हणून घरून काम करणारी किंवा नुकतीच निवृत्त झालेली मंडळी किनाऱ्यावरच्या जुन्या, लहान शहरांकडे बघतात. त्यांतली दोन नावं म्हणजे सेनेगलमधलं सँ-लुई आणि घानामधलं केप कोस्ट. दोन्ही एकेकाळच्या राजधान्या. सँ-लुईकडून तो मान 1957 मध्ये डाकारकडे गेला, केप कोस्टकडून 1877 मध्ये अक्राकडे. सँ-लुईचं बेट 2000 पासून आणि केप कोस्टचा किल्ला 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन्हीकडे मोठं विद्यापीठ आहे, त्यामुळे भाड्याने खोल्या देण्याची सवय गावाला आहे.

फोटो बघून ठरवलंत तर सँ-लुई जिंकणार. सेनेगल नदीच्या मुखाशी जेमतेम तीन-चारशे मीटर रुंदीचं बेट, लाकडी सज्जांची रंग उडालेली घरं, 1897 चा लोखंडी फेदेर्ब पूल, रस्त्यावर घोडागाड्या. इथल्या बाजारात एकोणिसाव्या शतकात पुदुच्चेरीहून येणारं निळं सुती कापड चलनासारखं चाले. त्याच्या बदल्यात डिंक मिळे. पण राहायला जायचं तर घरं किती सुंदर आहेत यापेक्षा पहिल्याच महिन्यात तुम्ही कुणाशी काय बोलणार, भाडं कसं देणार आणि पाणी कुठून येणार, हे आधी बघायला हवं.

भाषेत केप कोस्ट सरळ पुढे आहे. घानाची राजभाषा इंग्रजी. घरमालक, दवाखाना, बँक, रिक्षासारखी धावणारी शेअर टॅक्सी, सगळं इंग्रजीत निभावतं; फांटी भाषेतले चार शब्द शिकलात तर बाजारातली बाई खूश होते. सँ-लुईत कागदपत्रं फ्रेंचमध्ये आणि जगणं वोलोफ या स्थानिक भाषेत. नुसत्या इंग्रजीवर तिथे माणूस कायम पाहुणाच राहतो. फ्रेंच येत असेल किंवा जाण्याआधी सहा महिने मन लावून शिकायची तयारी असेल, तरच सँ-लुईचा विचार करा, असं मी स्पष्ट सांगेन.

पैशाच्या बाबतीत उलट. सेनेगलचा सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला 655.957. युरोत पैसे आणणाऱ्याला महिन्याचा हिशेब आधी मांडता येतो; भारतातून आणणाऱ्याला फक्त रुपया-युरो दर बघावा लागतो. घानाच्या सेडीचं तसं नाही. डिसेंबर 2022 मध्ये तिथली महागाई 54 टक्क्यांवर गेली होती. 2025 मध्ये तोच सेडी डॉलरसमोर झपाट्याने वधारला. म्हणजे बाहेरून येणाऱ्या पैशाची किंमत कधी अचानक वाढते, कधी घटते. त्यात घानातली आगाऊ भाड्याची रीत. 1963 च्या भाडे कायद्याप्रमाणे सहा महिन्यांहून जास्त आगाऊ मागता येत नाही, पण प्रत्यक्षात घरमालक एक-दोन वर्षांचं भाडं एकदम मागतात. महिन्याला स्वस्त वाटणारं घर त्यामुळे सुरुवातीला खिसा रिकामा करतं. म्हणून पहिले काही महिने विद्यापीठाच्या आसपास महिनेवारी खोली घ्या आणि गाव कळल्यावरच करार करा. जमीन घ्यायचं स्वप्न असेल तर लक्षात ठेवा: घानाच्या राज्यघटनेनुसार परक्या नागरिकाला जास्तीत जास्त 50 वर्षांचा भाडेपट्टाच मिळतो.

आता पाणी. माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

सँ-लुई आणि समुद्र यांच्यामध्ये लांग द बारबारी नावाचा वाळूचा पट्टा आहे. ऑक्टोबर 2003 मध्ये नदीच्या पुरातून शहर वाचवायला त्या पट्ट्यात सुमारे चार मीटरचा चर खणला. पूर ओसरला, पण समुद्राने तो चर रुंद करत काही किलोमीटरवर नेला. दून बाबा जेय हे गाव त्यात गेलं. गेत नदार या कोळीवाड्यात समुद्राने घरं पाडली आणि कित्येक कुटुंबांना आत, जुगोपला हलवावं लागलं. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला समुद्रापासून लांब नेऊन ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. तुम्ही भाड्याने घर घेताना मात्र एवढं करा: पट्ट्यावर घेऊ नका. बेटावर किंवा मुख्य भूमीवरच्या सोर भागात घ्या, आणि पावसाळ्यात गल्लीत पाणी साचतं का ते शेजाऱ्यांना विचारा.

केप कोस्ट टेकड्यांवर पसरलेलं आहे, त्यामुळे उंचावर घर सहज मिळतं. तिथली अडचण नळाची. शहराला पाणी देणाऱ्या प्रा नदीचं बेकायदा सोन्याच्या खाणकामाने वाटोळं झालंय. ऑगस्ट 2024 मध्ये सेक्येरे हेमांग जलशुद्धीकरण केंद्रावर येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा 14,000 एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) गेल्याचं जलकंपनीनेच सांगितलं. केंद्र बांधलंय 2,000 साठी. घर बघताना रंग नंतर बघा, गच्चीवर पॉलीटँक, म्हणजे प्लास्टिकची पाण्याची टाकी, आहे का ते आधी बघा.

शाकाहारी माणसासाठी दोन्ही शहरं कठीण, पण केप कोस्टमध्ये निभावतं. चवळी-भाताचं वाच्ये, पामतेलातली चवळी आणि तळलेली केळी म्हणजे रेड-रेड, ही रोजची खाणी आहेत. वाढताना वर शितो घालतात, त्यात सुकी मासळी असते, तेवढं सांगून ठेवायचं. सँ-लुईत सगळं माशाभोवती फिरतं. चेबुजेन हा मासे-भात तिथलाच, आणि त्यासाठी लागणारा तुकडा तांदूळ वर्षानुवर्षं भारतातूनही येत आलाय. मासे खाणाऱ्याला मी डोळे मिटून सँ-लुईला पाठवीन.

हिवतापाचा धोका केप कोस्टला बराच जास्त; सेनेगलचा उत्तर भाग त्या मानाने सुरक्षित. गंभीर आजारात दोन्हीकडून राजधानी गाठावी लागते: केप कोस्टहून अक्रा सुमारे 150 किलोमीटर, सँ-लुईहून डाकार 260 च्या पुढे. पीतज्वराची लस घेऊनच निघा; तिचं प्रमाणपत्र नसेल तर परतताना भारतात विलगीकरणात ठेवू शकतात.

किल्ल्याबद्दलही बोलायला हवं. केप कोस्टच्या किल्ल्याखाली गुलाम म्हणून विकलेल्या माणसांची तळघरं आहेत, आणि त्यांचे वंशज अमेरिकेतून, कॅरिबियनमधून तिथे रडायला येतात. काही जण तिथेच स्थायिक झालेत. त्यांच्या शेजारी आपण स्वस्त भाड्यासाठी आलोय, याची जाणीव ठेवूनच तिथे राहावं.

मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाला मी केप कोस्ट सुचवीन: इंग्रजी माध्यम, शाळांची जुनी परंपरा, राजधानी जवळ. एकट्याने किंवा जोडप्याने जाणाऱ्या, फ्रेंच येणाऱ्या, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला सँ-लुई. दोन्हीकडे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे आहे, म्हणजे पुण्याच्या साडेनऊच्या मीटिंगला पहाटे चारला उठावं लागेल. कार्यालयाशी आधी बोलून घ्या. आणि चाचपणीसाठी जाल तेव्हा चांगल्या हवेचे महिने निवडू नका. केप कोस्टला जूनच्या पावसात जा, सँ-लुईला सप्टेंबरच्या उकाड्यात.