बेघर निवाऱ्यात १९ रात्री काढल्या, त्याचा अनुभव

गावाचं नाव लिहीत नाही. खानदेशातलंच आहे, पण तिथला केअरटेकर कंत्राटी आहे. माझ्या लिहिण्यानं त्याच्या पोटावर पाय नको.

मी लग्नातल्या वरण-बट्टीच्या स्वयंपाकावर आचाऱ्याच्या हाताखाली असतो. एप्रिलच्या शेवटी खोलीच्या मालकानं जागा विकली, डिपॉझिट अजून त्याच्याकडेच आहे. चार रात्री स्टँडवर काढल्या. तिथे डोळा लागला की कुणीतरी काठी आपटतं. मग चहावाल्यानं ह्या निवाऱ्याचं सांगितलं.

पैसे लागत नाहीत. आधारची झेरॉक्स आणि रजिस्टरमध्ये सही, काम झालं. लोखंडी पलंग, पातळ गादी, धुतलेली चादर. ढेकूण नाहीत, मी टॉर्च लावून पाहिलं. प्रत्येकाला पत्र्याची पेटी, कुलूप आपलं आणायचं. ज्याची पिशवी कधी स्टँडवरून गेली असेल त्यालाच ह्या पेटीची किंमत कळेल. पहिल्या रात्री मी आधार आणि पैसे पेटीत टाकले, किल्ली करगोट्याला बांधली आणि मेल्यासारखा झोपलो.

गेट रात्री दहाला बंद. इथे माझी पंचाईत, कारण पंगत आवरून भांडी घासून निघायलाच एक वाजतो. दुसऱ्या रात्री गेटबाहेर उभा होतो, हातात उरलेल्या बट्ट्यांची पिशवी. केअरटेकर डोळे चोळत आला. ‘इतला उशीर काब्र भो?’ पिशवी पुढे केली. पायरीवर बसून दोघांनी गार बट्ट्या मिरचीबरोबर खाल्ल्या. त्यानंतर माझ्यासाठी गेटला नुसती कडी असायची.

त्यानंच मला शहरातल्या बेघर निवाऱ्यांच्या सरकारी योजनेचं पुस्तक दाखवलं. निवारा चोवीस तास, बारा महिने उघडा हवा. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच तसं सांगितलंय. लाख वस्तीमागे एक निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. आमचा हॉल फरशा मोजून काढला, ७५० फूट भरला. पलंग २४. म्हणजे माणशी ३१. शेजारचे बाबा कुशीवर वळले की त्यांचा हात माझ्या उशीवर. लाखाचा हिशेब लावला तर २०११ च्या जनगणनेनं जळगावला चार आणि धुळ्याला तीन निवारे तरी लागतात, आणि तेव्हापासून वस्ती काही कमी झालेली नाही.

छताच्या पत्र्याबद्दल काय सांगू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि हा पत्रा रात्री अकरालाही तव्यासारखा. कूलर आहे, त्यात टाकायला पाणी नसतं. आम्ही पलंग तसेच सोडून अंगणात झोपायचो. आणि सकाळी नऊला सगळ्यांना बाहेर. ऐन उन्हात त्या बाबांनी दिवसभर जायचं कुठे? ते दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक असल्यासारखे बसून राहायचे.

बायकांची सोय नाही. हे मला उशिरा लक्षात आलं, समोरच्या प्लॉटमुळे. प्लॉट सरकारी आहे, ‘बगीच्यासाठी राखीव’ असा गंजलेला बोर्ड, आत वेडी बाभूळ आणि गाजरगवत. पेरणीच्या तोंडावर तिथे एक घिसाडी कुटुंब उतरलं होतं. पाल, भाता, ऐरण, दोन लेकरं, एक कुत्रं. बाई घण मारायची, नवरा सांडशीनं लालभडक विळा फिरवायचा. मी शहाणपणानं म्हटलं, समोर फुकट पलंग आहेत. ती घण खाली न ठेवता बोलली, ‘भाता पलंगावर ठेवू का भाऊ? आमले छप्पर नको, फक्त उठाडू नका.’

मग मला तो हॉल वेगळाच दिसायला लागला. तो माझ्यासारख्या एकट्या गड्यापुरता आहे. ज्यांचं घर आणि दुकान एकाच पालात असतं त्यांना तोच प्लॉट द्यावा: चार महिन्यांची रीतसर चिठ्ठी, एक नळ, दोन संडास, एक दिवा. अवघड आहे म्हणू नका. आम्ही लग्नाला मोकळ्या वावरात दोन दिवसांत हजार माणसांचं पाणी, लाइट, मांडव उभं करतो आणि तिसऱ्या दिवशी उचलून नेतो. चार पालांना कितीसं लागतं?

पण सोय करायची सोडून अतिक्रमण हटवणारी गाडी आली, पाल उचललं. ऐरण उचलायला मात्र तिघं लागले. निवाऱ्यात जागा आहे, असं त्यातला एक जण त्या बाईला सांगत होता. मी गेटात उभा होतो, ‘आत फक्त पुरुष घेतात’ एवढं तरी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

पाचपैकी तीन स्टार. त्यातले दोन पेटीचे, एक केअरटेकरचा. एकटे पुरुष असाल आणि अडचणीत असाल तर बिनधास्त जा. आधारच्या दोन झेरॉक्स न्या, एक हरवतात. संडास तीन आहेत, मधल्याची कडी लागत नाही. चार्जिंगचे प्लग चारच, म्हणून आठच्या आत पोचा. आणि कुलूप मोठं घ्या, बॅगेचं छोटं त्या पेटीच्या कडीत बसत नाही.